वस्त्रांचा कारभार : झारचा दरबार आणि मराठ्यांची खिलत

भिलाईत 'रशिया' हा शब्द उच्चारला की पोलाद आठवते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव देशाच्या नकाशावर ठळकपणे उमटले. येथील 'कॅम्प-१' या वस्तीच्या नावात ती छावणी अजून शिल्लक आहे. या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात रशियन माणूस येतो तो कारखान्यातला साहेब म्हणून, किंवा दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली उभारलेल्या मैत्रीबागेच्या निमित्ताने. झारचा रशिया, तिथले मखमली झगे, हिऱ्यांचे मुकुट आणि फाबेर्जेची रत्नजडित अंडी यांच्याशी भिलाईचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

संबंध आहे. ज्या सोव्हिएत राजवटीने येथे भट्ट्या उभ्या करण्यास साहाय्य केले तिनेच १९२० आणि १९३० च्या दशकांत झारच्या घराण्याची कितीतरी रत्ने पाश्चात्त्य बाजारात विकली. औद्योगिकीकरणासाठी परकीय चलन उभे करणे हा त्या विक्रीमागचा एक मोठा हेतू होता. दुसरीकडे, भिलाई ज्या भूमीवर वसली आहे ती भूमी अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होती, आणि त्यांचे राज्य खालसा केल्यानंतर त्यांचे जडजवाहीर इंग्रजांनी कलकत्त्यात लिलावात काढले. म्हणजे एकाच गावाच्या इतिहासात दोन राजघराण्यांचे लिलाव अप्रत्यक्षपणे येऊन भेटतात.

या दोन दरबारांनी वस्त्रे, रत्ने आणि समारंभ यांवर अलोट द्रव्य का खर्च केले, हा प्रश्न मला प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. 'राजेलोकांचा षोक' हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते अपुरे आहे. षोक एका पिढीत सुरू होऊन दुसऱ्या पिढीत संपतो. शतकानुशतके टिकते ती व्यवस्था असते. दरबारी पोशाख हा राज्यकारभाराचा एक विभागच होता. त्याला नियम होते, श्रेणी होत्या, हिशेब होते आणि त्यावरून भांडणेही होत.

प्रथम रशियाकडे पाहू. पीटर द ग्रेट १६९८ साली युरोपच्या प्रवासाहून परतला आणि त्याने आपल्या सरदारांच्या दाढ्या कापण्यास प्रारंभ केला. १७०० साली त्याने सरदार व शहरवासीयांना पाश्चात्त्य पद्धतीचे कपडे घालण्याचा हुकूम काढला. १७०५ पासून ज्याला दाढी ठेवायची असेल त्याला कर भरावा लागे आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचे बिल्ले दिले जात. आपल्याला याची गंमत वाटते. परंतु पीटरच्या दृष्टीने हा शासकीय सुधारणेचा पहिला टप्पा होता. जुन्या घराण्यांचा लांब अंगरखा आणि दाढी म्हणजे जन्माने मिळालेला मान. तो उतरवल्याखेरीज सेवेने मिळणारा मान रुजणार नाही, हे त्याने ओळखले होते.

पुढे १७२२ साली त्याने पदांची प्रसिद्ध सारणी जाहीर केली. लष्करी, मुलकी आणि दरबारी अशा तीन रकान्यांत चौदा श्रेणी बसवल्या. सैन्यात अधिकारीपदाच्या अगदी खालच्या, म्हणजे चौदाव्या श्रेणीत पोहोचलेल्याला आणि मुलकी सेवेत आठव्या श्रेणीत पोहोचलेल्याला वंशपरंपरागत उमरावपद मिळे. आमच्या पिढीच्या केंद्रीय सेवकांना वेतनश्रेणींचे जे तक्ते तोंडपाठ असत त्यांचा हा दूरचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की तेथे श्रेणी अंगावर दिसत असे. निकोलस पहिला याने १८३४ साली मुलकी गणवेशांचे नियम बांधून दिले. अंगरख्यावर भरतकाम किती आणि कोठे, हे पदावरून ठरे. त्याच वर्षी दरबारी स्त्रियांच्या पोशाखाचाही हुकूम निघाला. आत पांढऱ्या साटिनचा घागरा, वर लांब पायघोळ असलेला मखमली झगा, मस्तकावर जुन्या रशियन धाटणीचे शिरोभूषण. आणि मखमलीचा रंग व त्यावरील जरीकाम त्या स्त्रीच्या दरबारातील स्थानानुसार. राज्ञीच्या सेवेतील ज्येष्ठ स्त्रियांना हिरवा रंग, तरुण सख्यांना किरमिजी. ओळख करून देण्याची गरजच नव्हती. दालनात शिरणाऱ्या माणसाने रंग पाहावा आणि किती लवायचे ते ठरवावे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. मान हे एक चलन आहे. राजा ते जवळजवळ फुकट छापू शकतो आणि त्यात सेवकांचा पगार चुकवू शकतो. परंतु फार छापले की त्याची किंमत घसरते. रशियात नेमके हेच झाले. श्रेणीच्या वाटेने उमराव होणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की १८४५ साली पात्रता वर न्यावी लागली : मुलकी सेवेत पाचवी श्रेणी, लष्करात आठवी. १८५६ साली ती पुन्हा वर गेली : मुलकीत चौथी, लष्करात सहावी. चलनवाढ रोखण्यासाठी मध्यवर्ती बँक जे करते तेच झारने मानाच्या बाबतीत केले. आणि तरीही, शिक्षण खात्यातील इल्या उल्यानोव नावाचे एक कर्तव्यदक्ष अधिकारी बढत्यांच्या याच शिडीने वंशपरंपरागत उमराव झाले. त्यांच्या मुलाला जग लेनिन या नावाने ओळखते.

आता या वैभवातील एका रत्नाकडे वळू, कारण ते आपल्याला रशियातून थेट महाराष्ट्रात आणते. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये रशियन राजमुकुटाच्या शेजारच्या खजिन्यात 'शाह' नावाचा ८८.७ कॅरटचा लांबट हिरा आहे. त्यावर तीन लेख कोरलेले आहेत. पहिला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा, हिजरी १००० चा, म्हणजे इ. स. १५९१-९२ मधला. दुसरा शाहजहानचा, तिसरा इराणच्या फतहअली शाहचा. १८२९ साली तेहरानमध्ये जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला करून राजदूत व नाटककार ग्रिबोयेदोव याला ठार केले. युद्ध टाळावे म्हणून इराणच्या शाहने आपला नातू खुस्रो मिर्झा याला क्षमायाचनेसाठी पीटर्सबर्गला पाठवले, आणि त्याच्या हातून हा हिरा निकोलस पहिल्याच्या स्वाधीन झाला. महसूल खात्यातल्या माणसाला यात सातबाऱ्यावरील फेरफाराच्या नोंदी दिसल्या तर नवल नाही. हिरा शोभेचा खरा, पण त्यावरचा लेख मालकीचा दाखला आहे. अहमदनगर, दिल्ली, तेहरान, पीटर्सबर्ग असा सत्तेचा प्रवास त्या एका दगडावर नोंदला गेला आहे.

दख्खनमध्ये आणि मोगलाईत वस्त्रांचे जे शास्त्र होते त्याचा शब्द 'खिलत'. या अरबी शब्दाच्या मुळाशी 'उतरवणे' हा अर्थ आहे. राजाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र उतरवून सेवकाच्या अंगावर घालावे, म्हणजे सेवक राजाच्या देहाचा जणू भाग होतो, ही मूळ कल्पना. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख तो 'सरोपा'. त्यावरून आपला 'शिरपाव'. मानाचा तुरा, शिरपेच, शिरपाव हे शब्द आपण आज वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर वाचतो, पण एके काळी त्यांचा अर्थ शब्दशः होता. खिलत स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे वरिष्ठत्व मान्य करणे. तिच्या बदल्यात नजर द्यायची, म्हणजे सोन्याच्या मोहरा. सरकारी हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ही चोख व्यवस्था होती : खजिन्यातून कापड बाहेर जाते, सोने आत येते, आणि वर निष्ठेची जाहीर कबुली मिळते.

म्हणूनच १२ मे १६६६ रोजी आग्र्यात जे घडले ते केवळ रागाच्या भरात घडलेले नव्हते. औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार होता. शिवाजीमहाराजांना मागच्या रांगेत उभे करण्यात आले. शाहजाद्यांना आणि प्रमुख उमरावांना खिलती वाटण्यात आल्या, त्यांत महाराजांचे नाव नव्हते. त्यांनी भर दरबारात संताप व्यक्त केला, पाठ फिरवली आणि बाजूला जाऊन बसले. बादशाहाने त्यानंतर सरदारांकरवी खिलत देऊ केली; महाराजांनी ती नाकारली. प्रश्न कापडाचा नव्हता. आधी रांग ठरवून मग वस्त्र देणे म्हणजे दर्जा बादशाहाने ठरवणे. वस्त्र नाकारणे म्हणजे तो दर्जा ठरवण्याचा बादशाहाचा अधिकार नाकारणे. राजकीय सार्वभौमत्वाची घोषणा एखाद्या वस्त्राला 'नाही' म्हणून करता येते, हे त्या दिवशी हिंदुस्थानच्या सर्वात मोठ्या दरबारात दिसले.

आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. हा समारंभ खर्चिक होता आणि त्याबद्दल तेव्हाही काहींच्या मनात शंका असेल. पण आग्र्याचा दरबार डोळ्यांसमोर ठेवला की त्याची आवश्यकता कळते. ज्याला कोणाकडून वस्त्रे घ्यायची नाहीत त्याला स्वतः वस्त्रे देण्याचा अधिकार सिद्ध करावा लागतो, आणि तो गादीवर विधिपूर्वक बसल्याखेरीज सिद्ध होत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या समारंभास उपस्थित होता. सिंहासनाच्या दोन बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा समतोल तराजू त्याने पाहिला आणि लिहून ठेवला. यांतील मत्स्य आणि अश्वपुच्छ ही चिन्हे मुसलमानी दरबारांत रूढ होती. महाराजांनी परिचित चिन्हे वापरली, पण ती आपल्या नावाने वापरली. सोबत अष्टप्रधानांची संस्कृत नावे आली, राज्यव्यवहारकोश आला, नवा शक आला, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई आली. वस्त्र, शब्द, कालगणना आणि नाणे या चारही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. पीटरच्या कपड्यांच्या हुकुमाआधी सव्वीस वर्षे येथे एक राज्यकर्ता हेच शास्त्र जाणत होता, आणि त्यासाठी त्याने कोणाची दाढी कापली नाही.

पुढच्या शतकात साताऱ्याच्या गादीने हा वस्त्रे देण्याचा अधिकार जपला. १७२० च्या एप्रिलमध्ये मसूर येथे बाजीरावाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. शाहूमहाराजांच्या निधनानंतर, म्हणजे डिसेंबर १७४९ नंतर, सत्ता पुण्यात गेली, पण वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. ज्याच्या हाती काही उरले नाही तो छत्रपती आणि ज्याच्या हाती सर्व आहे तो त्याचा प्रधान. तरीही प्रधानाला वस्त्रांवाचून चालत नसे. याचे सर्वात बोलके उदाहरण १७७३-७४ मधले आहे. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांनी वस्त्रे मिळवली. कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न लष्करी होता तितकाच कायद्याचाही होता : वस्त्रे असलेल्या पेशव्याला हटवायचे कशाच्या आधारे? नारायणरावाची पत्नी गंगाबाई पुरंदरावर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला. चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी, त्या तान्ह्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली. बाळाला अंगडे-टोपडे घालण्याच्या वयात प्रधानकीचा पोशाख मिळाला आणि मराठी राज्याचा कारभार पुन्हा 'रीतसर' सुरू झाला. सही-शिक्क्याचे महत्त्व ज्याला कळते त्याला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

या व्यवस्थेकडे तिच्या प्रमुखानेच तिऱ्हाइताच्या नजरेने पाहिल्याची एक कथा ग्रँट डफने दिली आहे. शाहूमहाराजांनी एकदा सरदारांच्या भेटीच्या दरबारात आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि रत्ने घातली, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः कधी पगडी घातली नाही. डफने हे वृद्धापकाळातील मनाच्या विकाराचे लक्षण मानले. मराठी परंपरेत ही गोष्ट थाटामाटाने आलेल्या सरदाराचा गर्व उतरवण्यासाठी केलेली युक्ती म्हणून सांगतात. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. बालपण मोगलांच्या कैदेत, त्यांच्याच इतमामात घालवलेल्या राजाला वस्त्राची किंमत आणि त्यातला पोकळपणा दोन्ही चांगले ठाऊक असणार.

पोकळपणाची परिसीमा १७९२ च्या जून महिन्यात पुण्यात दिसली. महादजी शिंदे दिल्लीहून बादशाह शाह आलमची फर्माने आणि पेशव्यासाठी वकील-इ-मुतलक या पदाची खिलत घेऊन आले. हा बादशाह १७८८ साली गुलाम कादराने आंधळा केलेला, आणि त्यानंतर महादजींच्याच आश्रयाने गादीवर राहिलेला. ज्याचे रक्षण शिंद्यांची फौज करीत होती त्याच्या नावाने शिंद्यांच्या धन्याला वस्त्रे! नाना फडणविसांनी हरकत घेतली : पेशव्यांचे धनी साताऱ्यात आहेत, त्यांच्या अनुमतीवाचून परक्याची पदवी कशी घ्यायची? अनुमती आणली गेली, शामियाने उभे राहिले, समारंभ झाला. याच भेटीत महादजी पेशव्यांचे जोडे असलेली पुरचुंडी घेऊन पुढे झाले आणि हीच आमची वडिलोपार्जित चाकरी, असे म्हणाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. उत्तर हिंदुस्थानातील सर्वात बलाढ्य सेनापती स्वतःला 'पाटील' म्हणवीत होता. नम्रतेचाही एक दरबारी पोशाख असतो, आणि महादजी तो उत्तम वापरीत. मात्र या सर्व सोहळ्यानंतर सव्वीस वर्षांत पेशवाई संपली. कवायती पलटणी आणि नियमित पगार यांच्यापुढे कोणत्याही खिलतीचा उपयोग झाला नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेब सुभा' हे पद साताऱ्याच्या गादीचे. रघूजी भोसले पहिले यांच्या फौजा छत्तीसगडात आल्या आणि पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत त्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरात राहून कारभार पाहत होते. रतनपूरच्या टेकडीवरील रामाचे मंदिर त्यांच्या काळातले. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून देण्याची चाल छत्तीसगडात बिंबाजींनी रुजवली असे येथे परंपरेने सांगतात. पानाला सोने म्हणायचे आणि सोन्याचा मान द्यायचा, ही कमी खर्चाची खिलतच म्हणावी लागेल. येथून जवळच असलेल्या राजनांदगावच्या बैरागी संस्थानाचा मूळपुरुष पंजाबातून आलेला शालींचा व्यापारी होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे दरबार असतो तेथे शालींना गिऱ्हाईक असते, आणि दरबाराला शाल पुरवणारा माणूस पुढेमागे दरबारात स्थान मिळवतो.

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरे निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा प्रश्न बाजूला सारून राज्य खालसा केले. मग सुरू झाली मोजदाद. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल नागपुरातच विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावासाठी रवाना झाले. वाड्यातील सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे ज्येष्ठ राणी बांकाबाईंनी बजावल्याचे केसारख्या इंग्रज इतिहासकाराने नमूद केले आहे. सरकारचे म्हणणे असे की विक्रीचे पैसे राजकुटुंबाच्या निर्वाहासाठीच ठेवले जातील, आणि तसा निधी करण्यातही आला. हिशेबाच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड आहे. बांकाबाईंच्या दृष्टीने ते निरर्थक होते, कारण त्यांच्या लेखी त्या वस्तू विकण्याजोग्या मालमत्तेत मोडतच नव्हत्या. ती अधिकाराची कागदपत्रे होती. दप्तर जाळून निर्वाहभत्ता बांधून द्यावा तसा हा व्यवहार होता.

इंग्रजांना वस्त्रांचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. उलट १८७७, १९०३ आणि १९११ च्या दिल्ली दरबारांत त्यांनी मोगलांचेच शास्त्र अधिक काटेकोरपणे वापरले. १२ डिसेंबर १९११ रोजी बादशाह पंचम जॉर्ज यांच्यापुढे संस्थानिक क्रमाने येत, लवत आणि पाठ न दाखवता मागे सरत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात, रत्नांवाचून, हातात छडी घेऊन आले, एकदा लवले आणि पाठ फिरवून निघून गेले. हे ज्या बडोद्याचे राजे होते तेथील खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवला होता. म्हणजे रत्नांची वाण म्हणून ते साधे आले नव्हते. इंग्रजी वृत्तपत्रांत गहजब झाला आणि सयाजीरावांना व्हाइसरॉयकडे लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यांचा हेतू काय होता यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु हा वाद झाला यातच सर्व आले : साम्राज्याच्या लष्करी बळाला ज्याने धक्काही लावला नाही अशा एका पाठमोऱ्या माणसाने त्या साम्राज्याला अस्वस्थ केले.

रशियात याच सुमारास शेवटचा अंक चालू होता. निकोलस दुसरा याचा राज्याभिषेक मे १८९६ मध्ये मॉस्कोत झाला. त्याच्या मस्तकावरचा मुकुट १७६२ सालचा, कॅथरीनसाठी घडवलेला, ४९३६ हिऱ्यांचा. चार दिवसांनी खोदिन्का मैदानावर सामान्य जनतेला भेटी वाटायच्या होत्या : मुलामा दिलेला एक पेला, थोडे खाद्यपदार्थ, एक रुमाल. ही जनतेसाठीची खिलतच. ते मैदान लष्करी सरावाचे, खंदक-खड्ड्यांनी भरलेले, गर्दी लाखोंची. चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार १३८९ माणसे मेली. त्याच रात्री झार फ्रेंच राजदूताच्या नृत्यसमारंभास गेला, कारण कार्यक्रमपत्रिकेत ते होते. मुकुटातील प्रत्येक हिरा जागेवर बसवणाऱ्या यंत्रणेला मैदानातले खड्डे बुजवावेसे वाटले नाहीत. वैभवाच्या व्यवस्थेने कारभाराच्या व्यवस्थेची जागा घेतली की काय होते, याचा याहून स्वच्छ धडा मला ठाऊक नाही. १९०३ मध्ये हिवाळी राजवाड्यात सर्व दरबार पीटरपूर्व काळातील, म्हणजे सतराव्या शतकातील पोशाख घालून नाचला. पीटरने जे अंगरखे उतरवले होते तेच त्याच्या वंशजांनी हौसेने पुन्हा चढवले. चौदा वर्षांनी राज्य गेले.

१९१७ च्या अखेरीस नव्या राजवटीने पदांच्या श्रेणी, पदव्या आणि खांद्यांवरची चिन्हे हुकुमाने रद्द केली. मार्च १९२७ मध्ये झारच्या रत्नांचा एक मोठा लिलाव लंडनमध्ये झाला. आणि जानेवारी १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, स्टालिनने लाल सेनेच्या खांद्यांवर झारच्या काळातील धाटणीच्या पट्ट्या परत आणल्या. लाखो माणसांकडून आज्ञापालन हवे असेल तर आज्ञा कोणाची हे दुरून दिसावे लागते, हे क्रांतीलाही मान्य करावे लागले.

विकलेल्या वस्तूंचे पुढे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. २००४ साली फाबेर्जेची नऊ शाही अंडी अमेरिकेतील एका संग्रहातून एका रशियन उद्योगपतीने विकत घेतली. २०२५ च्या एप्रिलमध्ये रघूजी भोसले पहिले यांच्या नावाची तलवार लंडनमध्ये लिलावात आली. युरोपीय बनावटीचे पाते आणि त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलेली 'सेनासाहेब सुभा' ही पदवी. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आली. या खर्चावर कोणी प्रश्न विचारू शकेल. माझ्या मते तलवारीची किंमत पात्याची नाही, त्यावरच्या पदनामाची आहे. ते आपल्या दप्तरातले एक पान होते आणि दप्तरातले पान परत आणणे हे शासनाचे काम आहे.

मग आज आपण या शास्त्रातून मोकळे झालो आहोत काय? १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्यांची मान्यता गेली. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. दिवा उतरल्यावर काहींना किती ओके-ओके वाटले हे आम्ही जवळून पाहिले आहे. काम तेच, अधिकार तेच, पण जणू पगडी काढून घेतली. आणि आपल्या घरांत, मंडळांत काय आहे? भिलाई असो, इंदूर असो की परदेशातील एखादे शहर असो, जेथे चार मराठी माणसे जमतात तेथे शाल-श्रीफळ असते. लग्नात आहेराची यादी असते. कोणाला पूर्ण पोशाख, कोणाला फक्त टोपी-टॉवेल, हे ठरवताना घरातील वडीलधारी माणसे जी चर्चा करतात ती एखाद्या दरबारी अधिकाऱ्याने ऐकावी अशी असते. या मानपानासाठी कर्ज काढणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत. त्यांना 'उधळपट्टी करू नका' एवढे सांगून भागत नाही, कारण ती माणसे कापड विकत घेत नसतात. ती आपले स्थान टिकवीत असतात.

म्हणून उपदेश उधळपट्टीविरुद्ध करण्यापेक्षा चलनाच्या शिस्तीबद्दल करावा. मान वाटणे हे शासनाचे, संस्थेचे आणि कुटुंबाचेही वैध काम आहे. माणूस केवळ वेतनासाठी राबत नाही. परंतु त्या मानामागे खरे काम, खरा अधिकार आणि खरी जबाबदारी यांची ठेव हवी. ठेव असेल तर आपट्याचे पानही सोने म्हणून चालते. ठेव नसेल तर ४९३६ हिरेही उपयोगी पडत नाहीत. पुढच्या वेळी आपल्या मंडळात शाल पांघरण्यासाठी कोणाला व्यासपीठावर बोलवायचे हे ठरत असेल, तेव्हा वर्षभर सतरंज्या घालणाऱ्या आणि हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या माणसाचे नाव यादीत आहे ना, एवढे पाहावे.